ग्रामीण भागातील हिमवादळ: नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शक

शहरातील आणि ग्रामीण भागातील हिमवादळांत आकाशातून पडणारे हिम सारखेच असते. फरक पडतो तो मदत पोहोचायला लागणाऱ्या वेळेत. मुख्य रस्ते आधी साफ होतात आणि फाट्यावरून आत जाणारा, दोन-चार घरांपुरता रस्ता सर्वांत शेवटी. वीज खांबांच्या एकाच ओळीवरून, बहुधा झाडांमधून येते. पाणी त्याच विजेवर चालणाऱ्या पंपाने वर चढते. आणि शेजारी हाकेच्या अंतरावर नसतो. त्यामुळे एक तार तुटली की उजेड, पाणी, ऊब आणि पुष्कळदा फोनही एकदमच जातो. जानेवारी १९९८मध्ये कॅनडाच्या पूर्व भागात आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या ईशान्य राज्यांत अनेक दिवस गोठणारा पाऊस पडला, तेव्हा विजेचे पोलादी मनोरेसुद्धा बर्फाच्या वजनाने वाकून कोसळले आणि क्वेबेकच्या ग्रामीण पट्ट्यातील काही घरे महिनाभर विजेविना राहिली. अशी वादळे विरळा असतात. तरीही तयारी करताना किमान तीन दिवस, आणि शक्य असल्यास आठवडाभर, बाहेरून कोणतीही मदत मिळणार नाही असे धरून चालावे.

नवख्या माणसाचा पहिला विचार फावड्याचा आणि गाडीचा असतो, म्हणजे बाहेर कसे पडता येईल याचा. विचाराची सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी असे माझे मत आहे: बाहेर पडण्याची गरजच कशी उरणार नाही, हे आधी पाहावे. वादळातले गंभीर अपघात सहसा घरात स्वस्थ बसलेल्यांना होत नाहीत. ते रस्त्यावर, निसरड्या पायऱ्यांवर, फावडे मारताना आणि घर उबदार ठेवण्यासाठी घाईने योजलेल्या चुकीच्या उपायांमुळे होतात.

किती पडणार यापेक्षा काय पडणार ते पाहावे

हवामानाच्या इशाऱ्यातील सेंटीमीटरच्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण त्याआधी तापमान आणि वृष्टीचा प्रकार वाचावा. कडाक्याच्या थंडीत पडणारे कोरडे, भुसभुशीत हिम हलके असते. त्याचे वजन घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरते. शून्य अंशाच्या आसपास पडणारे ओले हिम घनमीटरला ३०० किलोपर्यंत सहज जाते. म्हणजे छपराच्या एका चौरस मीटरवर ३० सेंटीमीटरचा थर साचला, तर कोरड्या हिमाचे ओझे १५ ते ३० किलो आणि ओल्या हिमाचे सुमारे ९० किलो होते. फावड्याने उचलताना कंबरेला आणि हृदयालाही हाच फरक जाणवतो.

सर्वांत धोकादायक प्रकार गोठणाऱ्या पावसाचा. जमिनीलगत शून्याखालच्या थंड हवेचा पातळ थर असतो आणि त्याच्यावर उबदार हवेचा थर असतो, तेव्हा वरून येणारे हिम उबदार थरात वितळते आणि थंड थरातून जाताना त्याला पुन्हा गोठायला पुरेसा वेळ मिळत नाही. शून्याखाली गेलेले हे पाण्याचे थेंब फांदी, तार, पायरी किंवा गाडीची काच यांना लागताच गोठतात आणि पारदर्शक, जड थर तयार होतो. हा थर साधारण ६ मिलिमीटर जाड झाला की फांद्या मोडू लागतात आणि त्यांच्याबरोबर तारा खाली येतात. इशाऱ्यात गोठणाऱ्या पावसाचा उल्लेख असेल, तर वीज जाणारच असे समजून पुढची पावले उचलावीत.

वादळाच्या आदल्या दिवशी

सुरुवात पाण्यापासून करावी, कारण पंप बंद पडला की विहीर अंगणात असूनही उपयोगाची राहत नाही. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ४ लीटर या हिशेबाने स्वच्छ भांडी भरून ठेवावीत, आणि शौचालयासाठी बादल्या, पिंपे किंवा न्हाणीतला टब भरावा. जनावरांचे पाणी यात धरलेले नाही. साठा संपलाच तर हिम वितळवता येते, पण कोरड्या हिमाचे पातेले भरून जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे पाणी मिळते, ते पिण्याआधी उकळावे लागते आणि पातेल्याच्या तळाशी आधी थोडे पाणी नसेल तर भांडे करपते. इंधन मर्यादित असताना हा व्यवहार महागात पडतो.

त्यानंतर उबेची सोय पाहावी. लाकडाची शेगडी असेल, तर किमान तीन दिवसांचे वाळलेले लाकूड घरात किंवा पडवीत आणून रचावे. ओले लाकूड धूर जास्त करते, तो धूर धुराड्यात डांबरासारखा साचतो आणि तोच थर पुढे पेट घेतो, म्हणून धुराडे हिवाळ्याच्या सुरुवातीलाच साफ करून घेतलेले असावे. शेगडीतून काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घरापासून दूर ठेवावी. राखेतले निखारे दिवस उलटले तरी जिवंत राहू शकतात.

नेहमीची औषधे, बॅटरीवर चालणारा रेडिओ, विजेऱ्या, जादा सेल, चार्ज केलेली पॉवर बँक आणि न शिजवता खाता येईल असे अन्न एका ठिकाणी आणून ठेवावे. मेणबत्तीपेक्षा विजेरी केव्हाही बरी, कारण आग लागली तर बंब वेळेवर पोहोचणार नाही. गाडीची टाकी भरून ठेवावी. डिझेलची गाडी किंवा ट्रॅक्टर असेल तर हिवाळी डिझेल भरले आहे याची खात्री करावी, कारण साध्या डिझेलमधील मेण कडक थंडीत गोठून फिल्टर तुंबवते.

काही बारीकसारीक कामे क्षुल्लक वाटतात, पण वादळ सुरू झाल्यावर ती करता येत नाहीत. फावडे आणि वाळूची बादली परसातल्या खोपटात न ठेवता घरात, दाराशी ठेवावीत. खोपटाचे दारच हिमाखाली गेले तर फावड्यापर्यंत पोहोचायला फावडे लागेल. घरापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवाव्यात, म्हणजे हिम साफ करताना गटार, दगड आणि रोपे कुठे आहेत ते कळेल. घराबाहेर निघणाऱ्या हीटरच्या नळ्या आणि गॅसच्या टाकीवरचा रेग्युलेटर यांच्या जागा लक्षात ठेवाव्यात. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो फिरतो की गंजला आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतः पाहावे. जवळच्या एका शेजाऱ्याशी दिवसातली एक ठरावीक वेळ बोलून ठेवावी. त्या वेळेला संदेश आला नाही तर काय करायचे, तेही आधीच ठरवावे. फोनचे जाळे कमजोर असताना बोलण्यापेक्षा लिहिलेला संदेश पोहोचण्याची शक्यता अधिक असते.

वीज गेल्यावर घरात

सगळे घर उबदार ठेवण्याचा प्रयत्न सोडून एकच खोली निवडावी. शक्यतो कमी खिडक्यांची आणि शेगडी असलेली. इतर खोल्यांची दारे लावून फटींत कापडाच्या गुंडाळ्या बसवाव्यात, खिडक्यांवर जाड पडदे किंवा गोधड्या टांगाव्यात आणि सर्वांनी तिथेच झोपावे. दिवसा ऊन पडणाऱ्या खिडकीचा पडदा उघडावा आणि ऊन गेले की लगेच ओढावा.

येथून पुढचा भाग मात्र सावकाश वाचावा. जळणाऱ्या प्रत्येक इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. म्हणून कोळशाची शेगडी, अंगणात वापरायची गॅसची शेगडी किंवा छावणीतला स्टोव्ह घरात, गॅरेजमध्ये वा बंद पडवीत कधीही पेटवू नये, आणि स्वयंपाकाचा गॅस किंवा ओव्हन खोली तापवण्यासाठी वापरू नये. जनरेटर घराबाहेर, घरापासून किमान ६ मीटर दूर, त्याच्या धुराचे तोंड दारे-खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावा. गॅरेजचे दार उघडे ठेवले म्हणजे भागते, हा समज जीवघेणा आहे. सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड सूचक झोपण्याच्या खोलीजवळ असलाच पाहिजे. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणे घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी जाणवली, तर ती सर्दी-तापाची सुरुवात समजू नये; सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे आणि मग मदत मागावी. हिमाचा ढीग किंवा वाऱ्याने उडवलेले हिम भिंतीतून बाहेर निघणाऱ्या हीटरच्या नळीचे तोंड बुजवते आणि एरवी सुरक्षित असलेले यंत्रही विषारी वायू आत सोडू लागते, म्हणून वादळ चालू असतानाही ही तोंडे अधूनमधून मोकळी करावी लागतात. बाहेर पडण्याला मी ज्या थोड्या कामांसाठी होकार देईन, त्यांतले हे एक.

जनरेटरची वायर भिंतीवरच्या प्लगमध्ये उलटी जोडून घरभर वीज खेळवण्याचा मोह होतो. ती वीज घरातून उलट तारेत जाते, रोहित्रातून तिचा दाब वाढतो आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा जीव जातो. एक तर वीजतंत्र्याकडून चेंजओव्हर स्विच आधीच बसवून घेतलेला असावा, नाहीतर उपकरणे बाहेर वापरायच्या जाड वायरीने थेट जनरेटरला जोडावीत.

फ्रिजचे दार बंद राहिले तर आतले अन्न सुमारे ४ तास टिकते. गच्च भरलेला डीप फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. ४ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक काळ राहिलेले नाशवंत पदार्थ टाकून द्यावेत. बाहेर एवढे हिम असताना अन्न तिथेच ठेवावे असे वाटणे साहजिक आहे, पण उन्हात ते अनपेक्षित तापते आणि वासाने प्राणी येतात. त्याऐवजी भांड्यांत पाणी भरून बाहेर बर्फ तयार करावा आणि तो फ्रिजमध्ये आणून ठेवावा.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि त्या दाबाने पाइप फुटतो. बाहेरचे तापमान उणे ७ अंशांच्या खाली उतरू लागले की बाहेरच्या भिंतीतल्या पाइपांची काळजी घ्यावी: ओट्याखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतली ऊब आत पोहोचेल, आणि पाणी चालू असेल तर नळ बारीक धारेने वाहता ठेवावा. वीज गेली आहे आणि घर गोठणबिंदूपर्यंत थंड होणार अशी चिन्हे दिसली, तर पंपाचा स्विच आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सर्वांत खालच्या नळातून सगळे पाणी काढून टाकावे. गोठलेला पाइप मोकळा करताना नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूने मागे मागे ऊब द्यावी. त्यासाठी गरम पाण्यात बुडवलेली फडकी किंवा केस वाळवण्याचे यंत्र पुरते, उघडी ज्योत कदापि नको. फुटलेला पाइप बर्फ वितळेपर्यंत गळत नाही, म्हणून त्या वेळी एकाने व्हॉल्व्हपाशी उभे राहावे.

गोठ्याकडे जाताना

ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांना घरात बसून राहता येत नाही. दाट हिमवृष्टीत वारा सुटला की दहा पावलांवरचा गोठा दिसेनासा होतो आणि माणूस स्वतःच्या अंगणात दिशा चुकतो. घराच्या दारापासून गोठ्याच्या दारापर्यंत वादळापूर्वीच दोर ताणून बांधावा आणि त्यावरचा हात सोडू नये. निघताना घरात सांगून जावे आणि परतण्याची वेळही सांगावी.

अंगावर एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन थर घालावेत: आतला घाम शोषून बाहेर टाकणारा, मधला लोकरीचा आणि वरचा वारा अडवणारा. सुती कपडा ओला झाला की ऊब धरत नाही, म्हणून अंगालगत सुती बनियन नको. तापमान उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असला, तर उघड्या त्वचेला ते उणे २० अंशांसारखे लागते. कान, नाक आणि बोटे आधी झाकावीत.

बर्फावर चालताना पावले छोटी टाकावीत, पूर्ण तळवा एकदम टेकवावा, गुडघे किंचित वाकवावेत आणि शरीराचे वजन पुढच्या पायावर ठेवावे. हात खिशात नसावेत. दोन्ही हातांत बादल्या घेऊन निसरड्या वाटेने जाण्यापेक्षा एकेक बादली घेऊन दोन फेऱ्या माराव्यात, आणि तळव्याला काटे असलेले पट्टे बुटांवर चढवता आले तर उत्तम.

जनावरांच्या बाबतीत चाऱ्याइतकीच, किंबहुना जास्त, चिंता पाण्याची करावी. पाणी कमी मिळाले की जनावर चाराही कमी खाते, आणि हिम चाटून त्याची तहान पुरेशी भागत नाही. कुंडातला बर्फ दिवसातून दोन-तीन वेळा फोडावा लागतो. थंडी वाढेल तशी वैरण वाढवावी, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वैरण आंबताना ऊब तयार होते. गोठ्यात वारा अडलेला आणि अंथरूण कोरडे असावे. ओल्या अंगाचे जनावर फार लवकर गारठते. मात्र गोठा सगळीकडून बंद करू नये, कारण श्वासाची वाफ आणि मूत्राचा उग्र वायू आत कोंडला तर फुप्फुसाचे आजार होतात. दूध काढल्यावर सड कोरडे पुसावेत. नवजात वासराला आधी खरखरीत कापडाने कोरडे करून लवकरात लवकर चीक पाजावा. जनावरांना काचेसारख्या बर्फावरून नेण्याची वेळ आली, तर आधी वाटेवर वाळू किंवा राख टाकावी, कारण मागचे पाय फाकून पडलेली गाय पुष्कळदा पुन्हा उभी राहत नाही. तळ्यावरच्या बर्फात जनावर अडकले तरी त्याच्यामागे बर्फावर जाऊ नये.

वाट मोकळी करताना

आधी हीटरच्या नळ्या, मग घराची दोन दारे, मग गोठ्याची वाट आणि शेवटी गाडीचा रस्ता, हा क्रम ठेवावा. सगळे वादळ थांबण्याची वाट न पाहता, वारा कमी असेल तेव्हा दहा-बारा सेंटीमीटर साचले की थोडे थोडे ढकलावे. हिम उचलण्यापेक्षा ढकलावे. उचलावेच लागले तर अर्धे फावडे भरून, गुडघ्यांत वाकून उचलावे आणि कंबर पिळून मागे फेकू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्याच वेळी हातांच्या श्रमाने हृदयावरचा भार वाढतो, म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. छातीत दडपण, हात किंवा जबडा दुखणे, दम न पुरणे यांपैकी काहीही जाणवले तर काम तिथेच थांबवून मदत बोलवावी.

रस्ता साफ करणारे यंत्र तुमच्या फाटकासमोरून जाताना सगळे हिम आपल्या पुढच्या दिशेला लोटत जाते. म्हणून स्वतःचे हिम यंत्र ज्या दिशेने पुढे जाते त्या बाजूला टाकावे, आणि ते ज्या बाजूने येते तिकडे फाटकाच्या अलीकडे थोडी जागा मोकळी करून ठेवावी. यंत्राचा बराचसा ढिगारा त्या जागेत पडतो. हिम फेकणारे यंत्र वापरत असाल, तर तुंबलेल्या तोंडात हात घालू नये. इंजिन बंद असतानाही आतले पाते ताणात असते आणि अडथळा निघताच फिरते, काठीच वापरावी.

साधे मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसे काम करत नाही. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड लागते किंवा बर्फ वितळवण्याचा नाद सोडून वाळू टाकावी लागते. वाळू बर्फ वितळवत नाही, पण कोणत्याही तापमानाला पकड देते, आणि विहिरीच्या आसपास मी तरी तीच निवडेन, कारण मीठ शेवटी जमिनीत आणि पाण्यात उतरते.

गाडी काढावीच लागली तर

काळा बर्फ डांबराच्याच रंगाचा दिसतो. पुलांवर तो आधी धरतो, कारण पुलाला वरून आणि खालून थंड हवा लागते. वेग निम्म्याहून कमी ठेवावा, पुढच्या गाडीपासूनचे अंतर कितीतरी पट वाढवावे आणि ब्रेक, स्टिअरिंग, गती यांत झटका देऊ नये. गाडी घसरलीच तर पाय गतीच्या पेडलवरून काढून, जिकडे जायचे तिकडे पाहत स्टिअरिंग हळू वळवावे. गाडीत फावडे, वाळू, ब्लँकेट, पाणी आणि विजेरी असावी.

हिमात अडकल्यास गाडी सोडून चालत निघू नये. गाडी शोधणे सोपे असते, माणूस शोधणे अवघड. आधी सायलेन्सरचे तोंड हिमातून मोकळे करावे, मग तासाला साधारण १० मिनिटे इंजिन चालवावे, त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच किंचित उघडी ठेवावी आणि भडक रंगाचे फडके बाहेर बांधावे.

थंडीने शरीर हार मानू लागले तर

शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला जोराची थरथर होते, मग बोलणे अडखळते, बोटांनी बटण लागत नाही आणि माणूस विचित्र वागू लागतो. थरथर आपोआप थांबली तर प्रकृती सुधारली असे नव्हे, ती बिघडली असे समजावे. अशा माणसाला आत आणून ओले कपडे काढावेत, कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि आधी छाती, मान, काखा व जांघा यांना ऊब द्यावी. पूर्ण शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्यावे. दारू देऊ नये, कारण तिने त्वचेकडे रक्त जाऊन शरीराची ऊब आणखी कमी होते.

हिमदंशात त्वचा पांढरी किंवा राखाडी, मेणासारखी आणि बधिर होते. ती चोळू नये, हिम तर मुळीच लावू नये. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच तो भाग ३७ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात धरावा. बधिर त्वचेला चटका कळत नाही, म्हणून शेगडीसमोर शेकू नये.

वादळ ओसरल्यावर

आकाश निरभ्र झाले तरी वाकलेल्या फांद्या पुढचे दिवस-दोन दिवस तुटत राहतात, त्यामुळे झाडांखालून जाणे टाळावे. पडलेली तार निर्जीव दिसली तरी ती जिवंतच समजावी, तिच्यापासून किमान १० मीटर दूर राहावे आणि वीज खात्याला कळवावे. तारेला टेकलेली फांदी किंवा कुंपणही तितकेच धोक्याचे असते. ओझ्याने वाकलेले झाड करवतीने कापताना ताण सुटून उसळते. ते काम अनुभवी माणसाचे आहे. छपरावर चढू नये. लांब दांड्याच्या फावड्याने जमिनीवरूनच कडेचे हिम ओढावे, आणि दारे अचानक घट्ट बसू लागली किंवा छतातून करकर ऐकू आली तर घर रिकामे करावे. दिवसा वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते, म्हणून संध्याकाळ होण्याआधी पायऱ्यांवर आणि गोठ्याच्या वाटेवर आणखी एकदा वाळू टाकावी, आणि वापरून संपलेले सेल, लाकूड व पाणी त्याच आठवड्यात भरून घ्यावे, कारण हिवाळ्यात एकामागून एक वादळे येणे नवे नाही.